मानसिक आजारानंतर पुन्हा कामावर: वस्तीतले व्यावसायिक पुनर्वसन केंद्र कसे चालवावे

मानसिक आजारातून सावरत असलेल्या माणसाने कामाचा विषय काढला की घरात बहुधा एकच उत्तर मिळते: "आधी पूर्ण बरा हो, मग कामाचं बघू." या उत्तरामागे माया असते, काळजी असते, तरीही ते चुकीचे आहे असे मी ठामपणे म्हणेन. स्किझोफ्रेनिया (ज्यात भास होतात, संशय वाटतो) किंवा बायपोलर (ज्यात मन कधी उन्मादाकडे, कधी नैराश्याकडे झुकते) यांसारख्या दीर्घकाळच्या आजारांत 'पूर्ण बरे होण्याचा' असा कोणता दिवस ठरलेला नसतो, आणि त्या दिवसाची वाट पाहता पाहता दहा-दहा वर्षे निघून जातात. काम हा उपचाराचाच भाग मानून ते औषधांच्या बरोबरीने आणि शक्य तितके लवकर सुरू करावे, या समजुतीवर पुढचे सगळे लेखन आधारलेले आहे. मुंबईतल्या आपल्या वस्तीत पाच-सहा जणांपासून असे केंद्र सुरू करू पाहणारे कुटुंबीयांचे गट, समाजसेवक, बचत गट आणि मंडळे यांच्यासाठी ते लिहिले आहे. आपल्याकडे मानसिक आरोग्याच्या कामात आजारी व्यक्तीसाठी 'शुभार्थी' आणि तिची काळजी घेणाऱ्यासाठी 'शुभंकर' हे दोन शब्द रुळले आहेत. येथेही तेच वापरले आहेत, कारण 'पेशंट' हा शब्द कामाच्या जागी माणसाला पुन्हा खाटेवर नेऊन झोपवतो.

आधी हे समजून घ्यावे

स्किझोफ्रेनियाची सुरुवात पुष्कळदा विशीच्या आसपास होते, म्हणजे बरोबरीची मुले पदवी, पहिली नोकरी, पहिला पगार या पायऱ्या चढत असतात नेमक्या त्याच वयात. औषधांनी भास आणि संशय बऱ्याच अंशी आटोक्यात येतात. परंतु उत्साह आटणे, बोलणे कमी होणे, लक्ष न टिकणे, सांगितलेले चटकन विसरणे, हात सावकाश चालणे या गोष्टी औषधांना तितकीशी दाद देत नाहीत, आणि नोकरी टिकणार की नाही हे बऱ्याचदा त्यांच्यावरच ठरते. घरच्यांना आणि मालकाला मात्र यात केवळ आळस दिसतो. केंद्र चालवणाऱ्याने हा फरक स्वतः नीट समजून घेतला नाही, तर तोही महिन्याभरात "मन लावून करत नाही" अशी तक्रार करू लागतो.

व्यावसायिक पुनर्वसनाच्या दोन रीती आहेत. जुनी रीत अशी, की आधी कार्यशाळेत प्रशिक्षण द्यायचे, माणूस 'तयार' झाला की मग नोकरी शोधायची. दुसरी रीत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात डेबोरा बेकर आणि रॉबर्ट ड्रेक यांनी विकसित केली. 'इंडिव्हिज्युअल प्लेसमेंट अँड सपोर्ट' या नावाने ती ओळखली जाते. तिच्यात काम करण्याची इच्छा ही एकच पात्रता असते. नोकरी लवकर आणि त्या माणसाच्या आवडीची शोधली जाते, शिकणे नोकरीवर होते, उपचार करणारे आणि नोकरी शोधणारे एकत्र काम करतात आणि आधाराला मुदत नसते. अनेक देशांत झालेल्या तुलनात्मक अभ्यासांत या रीतीने खुल्या बाजारात नोकरी मिळवणाऱ्यांचे प्रमाण जुन्या रीतीच्या जवळजवळ दुप्पट आढळले आहे.

ही रीत मुंबईत जशीच्या तशी उचलता येईल असे मला वाटत नाही, कारण तिला पूर्णवेळ, पगारी आणि प्रशिक्षित माणसे लागतात, आणि आपल्याकडच्या बहुतेक नोकऱ्या ओळखीपाळखीने, बोलाचालीत मिळतात. पण तिचा गाभा आपण घेऊ शकतो. केंद्रात कामाची एक खोली जरूर असावी, मात्र शुभार्थी तिथे पाच वर्षे बसून राहणार नाही, याची तजवीज पहिल्या महिन्यापासून सुरू व्हावी.

जागा, वेळ आणि माणसे

जागा रेल्वे स्थानकापासून चालत दहा मिनिटांच्या आत असावी. परळ-लालबागसारख्या भागात समाजमंदिर, मंडळाचे कार्यालय किंवा दुपारी रिकामी असणारी बालवाडी मिळू शकते. भाडे नाममात्र असते आणि, मला अधिक मोलाचे वाटते ते हे, की शेजारी रोज येता-जाता दिसतात. तळघरातली किंवा रुग्णालयाच्या आवारातली जागा फुकट मिळाली तरी टाळावी. दारावर आजाराचे नाव असलेली पाटी लावू नये. उत्पादनाचे नाव लावावे. सकाळी अकरा ते दुपारी चार ही वेळ सोयीची पडते. रात्री घेतलेल्या काही औषधांची गुंगी सकाळी उशिरापर्यंत टिकते, आणि सकाळच्या गर्दीची लोकल तर निरोगी माणसाचाही जीव नकोसा करते.

प्रवास हा मुंबईतल्या पुनर्वसनाचा वेगळा विषय आहे आणि तो शिकवावा लागतो. आमच्या केंद्रात डोंबिवलीहून येणारा एक तरुण पहिले दोन आठवडे करी रोडला उतरायचा, पुलाचा जिना चढायचा आणि वरून गर्दी पाहून परत फिरायचा. घरी मात्र "जाऊन आलो" असे सांगायचा. हे कळल्यावर एक स्वयंसेवक चार दिवस त्याच्याबरोबर डोंबिवलीपासून आला, पाचव्या दिवशी फक्त पुलापाशी उभा राहिला, नंतरच्या आठवड्यात केंद्राच्या दारात. सोबतीच्या तिसऱ्या आठवड्यात तो मुलगा आपणहून आला आणि त्याने न बोलता हजेरीच्या वहीत सही केली. असे सोबत येणे हे सुद्धा काम आहे असे समजून त्यासाठी माणूस नेमावा.

मनुष्यबळात निदान एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामे पुन्हा करता यावीत यासाठी उपचार करणारा तज्ज्ञ, आठवड्यातून दोन दिवस तरी यावा. या विद्येचे मुंबईशी जुने नाते आहे: भारतातली ऑक्युपेशनल थेरपीची पहिली शाळा कमला निंबकर यांनी १९५० मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात सुरू केली. विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिक प्रशिक्षणासाठी अशा संस्थांशी संपर्क साधावा. शिकणारी मुले उत्साही असतात आणि शुभार्थींच्या वयाचीही असतात. त्यांच्या जोडीला एक समाजसेवक, हातातले काम खरोखर येणारा एक कारागीर आणि दोन-तीन शुभंकर एवढे मनुष्यबळ पंधरा जणांच्या केंद्राला पुरते. कारागीर मात्र बाजारात स्वतःचा माल विकलेला असावा. छंदवर्ग घेणाऱ्याने शिकवलेली वस्तू प्रदर्शनात कौतुकाने विकत घेतली जाते आणि पुढच्या महिन्यात कोणी मागत नाही. केंद्राने स्वतः औषधोपचार करू नयेत. प्रत्येकाचे उपचार केईएम, नायर, सायन, जे.जे. किंवा खाजगी डॉक्टरांकडे, जिथे चालू असतील तिथेच चालू ठेवावेत आणि शुभार्थीच्या लेखी संमतीने त्या डॉक्टरांशी संपर्क ठेवावा.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. मानसिक आजार असलेल्या व्यक्तींना राहण्यासाठी किंवा उपचारासाठी दाखल करून घेणाऱ्या संस्थेला मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ खाली नोंदणी करावी लागते. दिवसा येऊन संध्याकाळी घरी जाण्याचे केंद्र ही वेगळी गोष्ट आहे. पण उद्या चार जणांना रात्री ठेवून घेण्याचा विचार आला, तर त्याआधी नोंदणीचे पाहावे. दिव्यांगांसाठी काम करणारी संस्था म्हणून लागणाऱ्या नोंदणीची चौकशी मात्र सुरुवातीलाच करावी.

पहिली भेट

पहिल्या भेटीत आजाराबद्दल कमी आणि कामाबद्दल अधिक विचारावे. आधी कुठे काम केले होते, त्यातले काय आवडायचे, नोकरी कशी सुटली, घरात कोणती कामे करता, किती वेळ बसून राहू शकता, सकाळी जाग किती वाजता येते, पैसे मिळाले तर पहिल्यांदा कशावर खर्च कराल? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी नेहमी लिहून ठेवतो, कारण माणूस नेमका कशासाठी काम करणार आहे हे त्यातून कळते. हे प्रश्न शुभार्थीला विचारावेत आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. आई किंवा भाऊ त्याच्या वतीने बोलू लागले, तर त्यांच्याशी नंतर वेगळे बसू असे आदराने सांगावे.

मानसिक आजारामुळे आलेली अक्षमता मोजण्यासाठी भारतात 'आयडियाज' ही मोजपट्टी वापरतात. स्वतःची निगा, माणसांशी संबंध, संवाद व आकलन आणि काम अशी तिची चार अंगे आहेत आणि आजाराच्या कालावधीचेही गुण त्यात मिळवले जातात. गुण देणे तज्ज्ञांवर सोडावे, पण ही चार अंगे डोळ्यांसमोर ठेवून पहिले दोन आठवडे रोज दोन ओळी टिपल्या, तर माणूस कुठे अडतो हे स्पष्ट दिसू लागते. टिपणे वर्तनाची असावीत. "मूड नव्हता" असे लिहिण्याऐवजी "चाळीस मिनिटांनी उठून गॅलरीत गेला, बोलावल्यावर आला, पुन्हा वीस मिनिटे बसला" असे लिहावे, म्हणजे पुढच्या महिन्यात चाळिसाचे पन्नास झाले हे दाखवता येते, आणि ते दाखवल्यावर शुभार्थीच्या चेहऱ्यावर जो बदल होतो तो पाहण्यासारखा असतो.

कोणते काम निवडावे आणि ते कसे शिकवावे

काम निवडताना आधी गिऱ्हाईक शोधावे. लालबागच्या मसाला गल्लीत सुट्या मसाल्यांना पाकिटे लागतात, औषधांच्या दुकानांना कागदी पिशव्या लागतात, कार्यालयांना फायली आणि लिफाफे लागतात, धारावीच्या कुंभारवाड्यातून कोऱ्या पणत्या आणून रंगवून विकता येतात. मागणी बारमाही असावी. पणत्या आणि कंदील यांवर वर्ष निघत नाही, ते वरकमाईपुरते ठेवावेत. ज्या कामाचे लहान लहान आणि एकमेकांपासून वेगळे करता येणारे टप्पे पडतात ते काम सर्वांत चांगले, कारण मग सावकाश हाताच्या माणसालाही त्यात पूर्ण मालकीची जागा मिळते.

औषधाच्या दुकानासाठी लागणाऱ्या कागदी पिशवीचे उदाहरण घेऊ. पाहणाऱ्याला ते एकच काम वाटते. प्रत्यक्षात कागद मापाने कापणे, मधली घडी, बाजूला खळ लावणे, चिकटवून दाबणे, तळाची घडी, तळाला खळ, वाळत घालणे आणि पन्नासाची गड्डी बांधणे असे आठ टप्पे आहेत. नव्या माणसाला पहिल्या दिवशी एकच टप्पा द्यावा आणि तोही शेवटचा, म्हणजे गड्डी बांधण्याचा; तयार माल आपल्या हातून पूर्ण झाल्याचे समाधान त्याला त्याच दिवशी मिळते. मग एकेक टप्पा मागे यावे. एका वेळी एकच सूचना द्यावी, ती करून दाखवावी आणि नमुन्याची पिशवी समोर ठेवून द्यावी, म्हणजे विसरल्यावर विचारण्याचा संकोच राहत नाही. मोजताना चुकणाऱ्यांसाठी पन्नास आडव्या रेघांचा पुठ्ठा करावा. प्रत्येक पिशवीमागे एक खडा पुढच्या रेघेवर सरकवला की आकडा डोक्यात ठेवावा लागत नाही. खळ टिकावी म्हणून तिच्यात मोरचूद घालण्याची जुनी रीत आहे. मोरचूद विषारी असल्याने केंद्रात ती पाळू नये, खळ रोज ताजी करावी. कटर आणि कात्र्या मोजून द्याव्यात व मोजून परत घ्याव्यात. कोणा एकावर संशय दिसणार नाही, अशा बेताने हा नियम कारागिरासकट सर्वांना सारखा लावावा.

सर्वांनाच हाताचे काम जमते असे मात्र गृहीत धरू नये. पन्नाशीकडे झुकलेल्या एका गृहस्थांची घडी कधीच सरळ पडत नसे आणि दोन महिन्यांनी आम्हीही हताश झालो होतो. एके दिवशी मसाल्याच्या पाकिटांची छापून आलेली लेबले त्यांच्यासमोर होती. त्यांनी एक लेबल उचलले, चष्मा कपाळावर सरकवला, डोळ्यांजवळ नेले आणि म्हणाले, "लसूणमधला सू दीर्घ हवा." हजार लेबलांवर 'लसुण' छापले गेले होते आणि आमच्यापैकी एकाच्याही ते लक्षात आले नव्हते. चौकशी केल्यावर कळले की आजारापूर्वी ते छापखान्यात मुद्रिते तपासत असत. पहिल्या भेटीच्या कागदावर त्यांच्या भावाने फक्त "प्रेसमध्ये होता" एवढे सांगितले होते आणि आम्ही पुढे विचारले नव्हते. त्यानंतर सहा आठवड्यांत एका छोट्या छापखान्यात त्यांना रोज चार तासांचे काम मिळाले. पहिल्या भेटीत कामाविषयी खोदून का विचारावे, हे मी तेव्हा शिकलो.

दुसरी चूक याहून मोठी होती. एका दिवाळीत आम्ही चारशे कंदिलांची मागणी स्वीकारली. मुदत पंधरा दिवसांची होती, चारऐवजी संध्याकाळी सातपर्यंत काम चालू झाले आणि बायपोलर असलेला एक शुभार्थी कागद घरी नेऊन रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कापू लागला. घरचे खूश होते, आम्हीही त्याच्या उत्साहाचे कौतुक केले. अपुरी झोप बायपोलरमध्ये उन्मादाला आमंत्रण देते हे आम्हाला पाठ होते, तरी समोर घडत असताना ते आम्ही ओळखले नाही; धनत्रयोदशीला त्याला रुग्णालयात दाखल करावे लागले. कंदील वेळेवर पोहोचले. तेव्हापासून आमचा नियम असा आहे, की नेहमीच्या वेळेत आणि तीनचतुर्थांश हजेरीत पूर्ण होईल तेवढेच काम घ्यावे, घरी काम देऊ नये आणि गिऱ्हाईक कितीही मोठे असले तरी या हिशेबाबाहेरच्या मागणीला नम्रपणे नकार द्यावा.

पैसे

पहिल्या आठवड्यापासून मोबदला द्यावा. मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आरोग्य आस्थापनांत सक्तीने काम करवून घेण्यास मनाई केली आहे आणि केलेल्या कामाचा योग्य मोबदला मिळण्याचा हक्क दिला आहे. दिवसाच्या केंद्रानेही हाच दंडक पाळावा. फक्त नगावर मजुरी ठेवली तर सावकाश काम करणारा खचतो आणि फक्त दिवसावर ठेवली तर कामाचा वेग सगळ्यांनाच निरर्थक वाटू लागतो. म्हणून हजेरीचा ठरावीक भाग आणि नगाचा वेगळा भाग असे दोन्ही द्यावे. बँक खाते शुभार्थीच्या स्वतःच्या नावावर असावे. पहिला मोबदला मात्र रोख, पाकिटात घालून, त्याच्याच हातात द्यावा. किमतीच्या बाबतीत दयेवर माल विकू नये: वाकडी पिशवी दुकानदाराने परत केली तर ती परत घ्यावी आणि तशी का झाली ते टेबलावर सर्वांना दाखवावे.

केंद्राबाहेरची नोकरी

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून बाहेरच्या कामाचा शोध सुरू करावा. वस्तीतलाच औषध दुकानदार, पोळीभाजी केंद्र, लाँड्री, झेरॉक्सचे दुकान, सोसायटीचे कार्यालय, ग्रंथालय अशा जागा आधी पाहाव्यात, कारण तिथे मालक रोज समोर असतो आणि वेळ वाटाघाटीने ठरवता येते. दिव्यांग व्यक्तींच्या नोकरीसाठी केंद्र सरकारचे राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र सायनला आहे. तिथे नाव नोंदवावे आणि मानसिक आजारासाठी काय सोयी आहेत हे प्रत्यक्ष जाऊन विचारावे.

मालकाला आजाराबद्दल सांगायचे की नाही, हा निर्णय सर्वस्वी शुभार्थीचा आहे. केंद्राने त्याला दोन्ही बाजू समजावून द्याव्यात: सांगितले तर सवलती मागता येतात आणि आम्हाला मध्यस्थी करता येते, न सांगितले तर गुप्तता राहते पण अडचणीच्या वेळी आधार मागणे अवघड जाते. तिसरा मार्गही आहे. आजाराचे नाव न घेता गरज सांगता येते: "सकाळी दहाच्या आधी मला जमणार नाही, पण दहा ते दोन मी एकही दिवस चुकवणार नाही." हे वाक्य केंद्रात चार-चार वेळा मोठ्याने म्हणवून घ्यावे. कामाच्या इतिहासातल्या रिकाम्या वर्षांबद्दल प्रश्न येतोच. "तब्येतीमुळे थांबलो होतो, आता डॉक्टरांनी परवानगी दिली आहे" हे उत्तर खरे आहे आणि पुरेसे आहे.

सवलती बहुधा स्वस्त असतात. काम लिहून देणे, शांत कोपऱ्यातली जागा, दोन लहान विश्रांत्या, रात्रपाळीतून सूट, डॉक्टरांच्या भेटीसाठी महिन्यातून अर्धा दिवस. औषधांमुळे काही गोष्टी मुद्दाम सांभाळाव्या लागतात: बायपोलरसाठी लिथियम हे औषध घेणाऱ्या माणसाला ऑक्टोबरच्या उन्हात सामान पोहोचवण्याचे काम देऊ नये, कारण घामाने पाणी आणि मीठ कमी झाल्यास रक्तातले लिथियम धोक्याच्या पातळीपर्यंत वाढू शकते, स्किझोफ्रेनियासाठी क्लोझापिन हे औषध सुरू झालेल्याला प्रचलित पद्धतीप्रमाणे पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावे लागते, तेवढी सवड मालकाशी आधीच ठरवून घ्यावी.

नोकरी लागली म्हणजे केंद्राचे काम संपले असे समजू नये. माझ्या मते खरे काम तिथून पुढे सुरू होते. पहिला महिना आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्याला, मग महिन्यातून एकदा भेटावे. दुकानात नव्हे, सुटल्यावर, चहाच्या टपरीवर. जेवणाच्या सुट्टीत कोणाबरोबर बसता, हा प्रश्न अवश्य विचारावा. काम येत असूनही, बरोबर डबा खायला कोणी नाही म्हणून नोकरी सोडलेली माणसे मी पाहिली आहेत. नोकरी सुटलीच तर दुसरी शोधावी, आणि पहिलीतून काय कळले ते वहीत लिहावे.

कागदपत्रे आणि कायदा

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याने मानसिक आजाराचा समावेश २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत केला आहे. शासकीय आस्थापनांतील ४ टक्के आरक्षण ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी आहे. त्यातला १ टक्का मानसिक आजार, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि बहुविध दिव्यांगत्व यांना मिळून आहे. २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खाजगी आस्थापनेलाही समान संधी धोरण जाहीर करावे लागते; नोकरीसाठी जाताना त्या धोरणाची प्रत मागावी. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मधील एका निकालात मानसिक दिव्यांगत्व असलेल्या कर्मचाऱ्यावरची शिस्तभंगाची कारवाई हा अप्रत्यक्ष भेदभावाचा प्रकार असल्याचे म्हटले आहे, ही गोष्ट आधीपासून नोकरीत असलेल्या शुभार्थींना जरूर सांगावी.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी शासनाच्या स्वावलंबन या संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो आणि सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात तपासणी होते. मानसिक आजाराचे प्रमाणपत्र काही वर्षांपुरते दिले गेले असेल तर नूतनीकरणाची तारीख वहीत ठळक लिहून ठेवावी. प्रमाणपत्र घ्यावे की नाही हाही शुभार्थीचाच निर्णय आहे. एक गैरसमज वारंवार आढळतो: राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खालच्या योजना, उदाहरणार्थ निरामय आरोग्य विमा, मानसिक आजारासाठी नाहीत, त्यासाठी हेलपाटे घालू नयेत. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसारख्या मदतीला उत्पन्नाची अट असते, त्यामुळे पगार सुरू झाल्यावर अनुदान जाईल या भीतीने कुटुंब नोकरीलाच नकार देते. त्या कुटुंबाबरोबर कागद-पेन्सिल घेऊन बसावे आणि दोन्ही बाजूंची बेरीज त्यांच्यासमोर मांडावी.

घरचे लोक

शुभंकरांची सभा महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी घ्यावी. ज्या आईने पंधरा वर्षे मुलाच्या गोळ्या मोजल्या आहेत, तिला "आता त्याला एकट्याने येऊ द्या" हे सांगणे सोपे नसते आणि ते उपदेशाच्या सुरात तर मुळीच सांगू नये. आमच्या एका शुभार्थीने पहिल्या मजुरीतून आईसाठी मोगऱ्याचा गजरा आणि स्वतःसाठी एक बॅटरीचा सेल आणला. घरातले घड्याळ बंद पडले होते आणि सहा महिने कोणाचे लक्ष गेले नव्हते. आई सभेत हे सांगताना रडली आणि त्या दिवशी तिचे पाहून आणखी दोन घरांनी पगाराचे पाकीट मुलांच्याच हातात राहू देण्याचे कबूल केले. नोकरी लागताच लग्नाचा विषय काढण्याची घाई मात्र करू नये, एवढे प्रत्येक सभेत सांगावे लागते.

आजार उलटला तर

प्रत्येकाची धोक्याची लक्षणे त्याच्याशी बोलून, त्याच्याच शब्दांत, कार्डावर लिहून घ्यावीत. एकाची झोप उडते, दुसरी व्यक्ती डबा न उघडता परत नेते, तिसरी व्यक्ती दर पाच मिनिटांनी दाराकडे पाहते. कार्डाच्या मागे डॉक्टरांचा क्रमांक, कोणाला कळवायचे ते नाव आणि सुट्टीचा अर्ज मालकाकडे कोण नेणार हे लिहावे. आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत याचे आगाऊ निर्देश देण्याचा हक्क २०१७ च्या कायद्याने दिला आहे. माणूस बरा असताना त्यावर बोलून घ्यावे. कोणी जीव नकोसा झाल्याचे बोलले तर त्याला एकटे सोडू नये, थेट विचारावे, घरच्यांना व डॉक्टरांना लगेच कळवावे आणि जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावे. टेली-मानस ही शासनाची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध असते. हा क्रमांक दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लावून ठेवावा. रुग्णालयात गेलेल्याची केंद्रातली जागा रिकामीच ठेवावी आणि तिसऱ्या दिवशी कोणीतरी भेटून यावे.

वर्षाच्या शेवटी किती कार्यक्रम झाले आणि किती पाहुणे येऊन गेले हे मोजण्याचा मोह आवरावा. किती जण बाहेर काम करतात, आठवड्याला किती तास, किती पगारावर, आणि सहा महिन्यांनंतरही टिकून आहेत का, एवढे चार रकाने वहीत असले की देणगीदारालाही पुरेसे कळते. नोकरीला लागलेल्यांसाठी शनिवारी संध्याकाळी सहा ते आठ खोली उघडी ठेवावी. त्या वेळी काम नसते. आलेली माणसे चहा करतात, आठवड्याचे सांगतात, पगाराच्या चिठ्ठीवरची वजावट समजून घेतात, आणि ज्याला अजून बाहेर नोकरी मिळालेली नाही असा कोणी नवा शुभार्थी असला, तर सोमवारच्या मुलाखतीला त्याच्याबरोबर कोण जाणार हे तिथेच ठरते.